गर्दी वाढली की वेग वाढतो

निकालाच्या दिवशी हजारो विद्यार्थी एकदम तुटून पडले की संकेतस्थळ मान टाकते. देणारा सर्व्हर एक आणि मागणारे हजारो, मग दुसरे काय होणार? अमेरिकी प्रोग्रामर ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेल्या बिटटोरेंट या प्रोटोकॉलने मोठ्या फाइलींपुरते हे गणित उलटे केले. नोट्सचा एकच संच असलेल्या सरांनी प्रत्येक मुलाला वेगळे पान झेरॉक्स करून द्यावे आणि उरलेली पाने मुलांनी आपापसांत मिळवावीत, तसा हा मामला. घेणारा प्रत्येक जण देणाराही होतो.

पण अनोळखी संगणकाने भलतेच काही पाठवले तर? समजा, लिनक्सची ४ जीबीची फाइल हवी आहे. तिचे एकेका एमबीचे ४०९६ तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यातून गणिती सूत्राने २० बाइटचा ठसा काढलेला असतो. हे सगळे ठसे मिळून भरतात अवघे ८० केबी, आणि ते आधीच आपल्या हाती येतात. आलेल्या तुकड्याचा ठसा जुळला तर ठेवायचा, नाही तर फेकून द्यायचा. देणारा कोण, याची चौकशी करावीच लागत नाही.

मागणीचा क्रमही ठरलेला असतो. ज्या तुकड्याच्या प्रती सर्वांत कमी, तो आधी घ्यायचा. म्हणजे एखादा संगणक बंद पडला तरी तो तुकडा नामशेष होत नाही. फुकट्यांसाठी नियम जशास तसे. दर दहा सेकंदांनी संगणक हिशेब करतो आणि ज्यांच्याकडून चांगल्या वेगाने मिळते आहे, अशा मोजक्यांनाच देत राहतो. मात्र नव्याने आलेल्याकडे द्यायला काहीच नसते. म्हणून दर तीस सेकंदांनी एखाद्याला, त्याने काही दिलेले नसतानाही, संधी मिळते.

राहता राहिला प्रश्न पत्त्यांचा, म्हणजे हवी ती फाइल कुणाकडे आहे हे शोधण्याचा. १९९९ मध्ये आलेल्या नॅपस्टरमध्ये गाणी लोकांच्या संगणकांवर असत, पण त्यांची यादी कंपनीच्या सर्व्हरवर. स्वामित्व हक्कांच्या खटल्यानंतर २००१ मध्ये ती सेवा बंद पडली आणि सगळा व्यवहारच थांबला. पुढच्याच वर्षी पेटर मेमुन्कोव्ह आणि डेव्हिड माझिएर यांनी ‘कॅडेम्लिया’ ही रीत मांडली. तीत ही यादीच सगळ्या संगणकांत विखुरलेली असते. प्रत्येकाला १६० बिटांचा क्रमांक असतो आणि हव्या असलेल्या नोंदीच्या क्रमांकाला जो जवळचा, त्याच्याकडे ती नोंद सापडते. शोधाच्या प्रत्येक टप्प्यात अंतर निदान निम्मे होते. त्यामुळे जाळ्यात एक कोटी संगणक असले, तरी साधारण चोवीस टप्प्यांत पत्ता लागतो. बिटटोरेंटनेही २००५ पासून हीच रीत वापरायला घेतली.

या तंत्राचे नाव चोरट्या चित्रपटांशी जोडले गेले, ते उगाच नाही. पण लिनक्सची वितरणे आणि इंटरनेट अर्काइव्हचा प्रचंड संग्रहही याच वाटेने लोकांपर्यंत जातो. अर्काइव्हने २०१२ मध्ये टोरेंट सुरू केले, तेव्हा आपले सर्व्हरही देणाऱ्यांत उभे ठेवले. त्यामागे कारण आहे. प्रोटोकॉल तुकडा अस्सल असल्याची खात्री देतो. तो कुणी जपून ठेवील, याची नाही. मागणी आटली, एकेक संगणक निघून गेला, की शेवटच्या एका तुकड्यासाठी फाइल कायमची अडकू शकते. सत्ता वाटून टाकता येते. जतनाची जबाबदारी मात्र कुणाला तरी नावानिशी घ्यावीच लागते.