पोटॅशच्या पोत्यातला एक इलेक्ट्रॉन

तलमडुगुकडच्या काळ्या रानात कपाशीला पोटॅश देतात. पोटॅशियम धातू पाण्यात पडला की पेट घेतो. मग पोत्यातलं पोटॅश पावसात गुपचूप कसं विरघळतं? फरक एका इलेक्ट्रॉनचा. पोटॅशियमचे १९ इलेक्ट्रॉन कवचांत २, ८, ८, १ असे बसतात. शेवटचा एकटा, सैल. तो गेला की धन आयन. क्लोरिनचे १७ बसतात २, ८, ७ असे. एक मिळाला की ऋण आयन. पोत्यात ही देवघेव आधीच उरकलेली असते.

काळ्या मातीच्या चिकण कणांवर ऋण भार, त्यामुळे पोटॅशियम तिथं धरून राहतं, क्लोराइड पाण्याबरोबर खाली झिरपतं. युरियाचं मातीत शेवटी नायट्रेट होतं, तेही ऋणच! म्हणून युरिया एकदम न टाकता हप्त्याहप्त्यानं द्यायचा, नाहीतर एका मुसळधार पावसात पैसे वाहून जातात.