भिंतीला कोणता रंग द्यावा?

वैशाखातल्या दुपारी पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या पाटस गावात बाहेरून घरात पाऊल टाकले, की क्षणभर काहीच दिसत नाही. डोळे उन्हाला सरावलेले असतात, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण घराच्या बांधणीत असते. दौंड तालुक्यासारख्या कोरड्या, उन्हाच्या मुलखात ऊन आत येऊ नये म्हणून जुन्या घरांना खिडक्या लहान ठेवीत. ऊन अडले, पण उजेडही अडला! अशा खोलीत अभ्यासाला बसायचे, तर आत आलेला थोडासा प्रकाश पुरवून वापरायला हवा. हे काम भिंतीचा रंग करतो.

भिंतीवर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग ती शोषून घेते व उरलेला परावर्तित करते. नुकताच चुना दिलेली पांढरी भिंत १०० भागांपैकी सुमारे ८० भाग परत फेकते. गडद निळी किंवा हिरवी भिंत साधारण २० भागच. हा प्रकाश समोरच्या भिंतीवर पडतो, तेथून पुन्हा तिसरीकडे जातो. पांढऱ्या खोलीत ८० चे ६४ होतात आणि ६४ चे ५१. गडद खोलीत मात्र २० चे ४ होतात आणि पुढच्या खेपेस एक भागही पुरा उरत नाही. म्हणूनच पांढऱ्या खोलीच्या कोपऱ्यातही पुस्तक वाचता येते.

दुकानातल्या नमुना-कार्डावर फिकट दिसलेला पिवळा रंग चारी भिंतींवर गडद का वाटतो, हेही यावरून कळेल. पिवळी भिंत निळे किरण अधिक शोषते. प्रत्येक परावर्तनात ते आणखी कमी होतात आणि खोलीतला प्रकाशच पिवळसर होतो. म्हणून आवडलेल्या रंगाहून एक छटा फिकट निवडावी.

निळ्या भिंतींनी खोली थंड राहते का? ती थंड वाटते, एवढेच. तापमापीला काही फरक कळत नाही. उष्णता कमी करायची असेल, तर ऊन जेथे पडते त्या छताला बाहेरून पांढरा रंग द्यावा.

एक प्रयोग करून पाहा. बुटांची दोन रिकामी खोकी घ्या. एकाला आतून पांढरा कागद चिकटवा, दुसऱ्याला काळा. दोन्हींच्या तळाशी छापील मजकुराचा तुकडा ठेवा. झाकणांना सारख्याच आकाराची दोन-दोन भोके पाडा : एक उजेडासाठी, एक डोळ्यासाठी. कोणत्या खोक्यातली अक्षरे वाचता आली? घराला रंग देण्याची वेळ येईल, तेव्हा ही खोकी घरातल्यांनाही दाखवा.