सातारा ते सांगली, मार्गे अंटार्क्टिका

पहाटे ५.३०

सप्टेंबर लागला की भूगोलाच्या मास्तरांना भाव येतो. १६ तारखेला ओझोन दिन असतो, म्हणून शाळांना व्याख्याता लागतो. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलेली असते, म्हणून बागायतदारांना पाऊस कळणारा माणूस लागतो. पाऊस आपल्याला कळतो असं मी कधी म्हटलेलं नाही, तरी बोलावणं येतं. आज सकाळी औंधची शाळा, दुपारी तासगाव तालुक्यातलं एक गाव आणि संध्याकाळी सांगलीत स्पर्धा परीक्षेची पोरं. ध्रुवांवरच्या बर्फाचा प्रश्न जगाच्या टेबलावर येतो तेव्हा शास्त्रज्ञ तिथं काय करतो, हेच तिन्हीकडे सांगायचं आहे.

६.४५

रहिमतपूरमार्गे एसटी. पिशवीत अंटार्क्टिक कराराच्या बैठकांचे अहवाल आहेत. झोप येत नसेल त्यानं जरूर वाचावेत. ‘काही सदस्यांनी चिंता व्यक्त केली’ असली वाक्यं पानोपानी, आणि ते काही सदस्य कोण हे आपण ताडायचं. पण २०२२ च्या बर्लिन बैठकीपाशी झोप उडते. एम्परर पेंग्विनला विशेष संरक्षण द्यावं, समुद्रावरचा बर्फ कमी होईल तशी त्याची वीण धोक्यात येईल, हे शास्त्रज्ञांनी कागदोपत्री मांडलं होतं. चीनने संमती दिली नाही आणि विषय तिथेच थांबला. इथे बहुमत नसतं. निर्णयाचा हक्क असलेले सल्लागार देश २९, आणि एकाचा नकार पुरतो.

८.४५

औंध. डोंगरावर यमाई, खाली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं संग्रहालय. चित्रकला, सूर्यनमस्कार आणि १९३९ ची स्वराज्य घटना यांसाठी आपण या संस्थानाची आठवण काढतो. ती घटना घडवण्यात गांधीजी आणि मॉरिस फ्रिडमन यांच्याबरोबर राजपुत्र अप्पासाहेब पंत होते. संस्थानाचे तुकडे विखुरलेले; औंध आज साताऱ्यात, आटपाडी आणि कुंडल सांगलीत. म्हणजे माझा आजचा रस्ता जुन्या औंध संस्थानातूनच जातो म्हणायचा.

मुलांना मी आधी ओझोनचं सांगितलं. अंटार्क्टिकावरच्या हॅली तळावरची मोजमापं घेऊन तीन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये ओझोन घटल्याचं जाहीर केलं आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झालासुद्धा. आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, “सर, पण अंटार्क्टिका कुणाचा?”

याच प्रश्नाची मी वाट पाहत होतो. सात देश तिथल्या जमिनीवर हक्क सांगतात. १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी वॉशिंग्टनमध्ये करार केला, त्यात हे सगळे दावे आहेत तिथे गोठवून ठेवले. भारतानं १९५६ मध्येच हा विषय संयुक्त राष्ट्रांत मांडावा असा आग्रह धरला होता, १९५८ मध्ये पुन्हा. कुणी दाद दिली नाही. पुढे झालेल्या करारात मतदानाच्या खुर्चीची किंमत लिहून ठेवली आहे: मूळ बारा देश सोडले तर जो तिथे भरीव वैज्ञानिक संशोधन करतो, तळ उभारतो किंवा मोहीम पाठवतो, तोच निर्णयात बसतो. भाषणं कितीही चांगली असोत, ती खुर्ची भाषणांवर मिळत नाही.

मग ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली मोहीम गोव्याहून निघाली. १९ ऑगस्ट १९८३ रोजी भारत करारात सामील झाला आणि १२ सप्टेंबरला सल्लागार देश झाला. वर्षानुवर्षं जे वकिलातींना जमलं नव्हतं ते एका महिन्याच्या आत झालं. त्याच डिसेंबरात तिसरी मोहीम निघाली. तिच्यात दोन स्त्रिया होत्या: भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि समुद्रवैज्ञानिक अदिती पंत. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या स्त्रिया.

आणि अदिती पंत म्हणजे औंधच्या अप्पासाहेबांची मुलगी. इथे शिक्षकसुद्धा खुर्चीत पुढे सरकले. अदिती पंतांचा जन्म नागपूरचा, शिक्षण पुणे, हवाई आणि लंडन इथलं, नोकरी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. पण औंधचं नाव निघालं की गावाला इतका हक्क आहेच. वडील पूर्व आफ्रिका, सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, ब्रिटन, इटली एवढ्या ठिकाणी देशाच्या वतीनं बोलले. मुलगी बर्फाळ समुद्रात अन्नसाखळी अभ्यासत होती, आणि ज्या भागावर नॉर्वे दावा सांगतो त्याच क्वीन मॉड लँडवर त्या मोहिमेनं दक्षिण गंगोत्री हा तळ उभारला. त्या घरात कुणी असा हिशेब मांडला असेल असं नाही. मुत्सद्देगिरीचं काम वडिलांपेक्षा मुलीच्या मोहिमेनं जास्त केलं, असं मात्र माझं मत. अप्पासाहेबांनी ते हसून मान्य केलं असतं, असं आपलं मला वाटतं.

११.१५

पुसेसावळी, पुढे विटा. भाकरी, पिठलं, ठेचा. विशेष काही नाही.

दुपारी २.००

द्राक्षबागेच्या कडेला पत्र्याची शेड, तीसेक माणसं. मला बोलावणाऱ्या आबांनी प्रास्ताविक दोन वाक्यांत उरकलं: “तिकडं बर्फ वितळला तर हिकडं आमच्या छाटणीचं काय, एवढंच सांगा सर. बाकी पोरांना सांगा.”

त्यांचं दुखणं खरं आहे. फळछाटणीनंतर कोवळ्या फुटीवर आणि घडावर पाऊस आला की दावण्या येतो, घड कुजतात, आणि ब्लोअरनं औषध मारता मारता बाग आणि माणूस दोन्ही थकतात. आगाप छाटणी करणाऱ्यांना सप्टेंबरअखेरचा पाऊस थेट गाठतो.

मी सांगितलं ते असं. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी नॉर्वेतल्या सहकाऱ्यांबरोबर २०२१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. रशियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे. उन्हाळ्यात तिथला बर्फ कमी झाला की वरच्या हवेतल्या मोठ्या लाटांची मांडणी बदलते, तिचा परिणाम वायव्य भारतापर्यंत पोचतो, त्यात अरबी समुद्र तापलेला असला तर बाष्प भरपूर, आणि मग मध्य भारतात सप्टेंबरात अतिवृष्टी होऊ शकते. निबंधाच्या नावातच ‘संभाव्य’ संबंध असं आहे.

“म्हंजे छाटणी पुढं ढकलायची?”

“ते त्यात नाही.”

“मग त्यात हाय काय?”

शेडमध्ये हशा. पण परिषदेतही शास्त्रज्ञाला अगदी हेच विचारतात, फक्त सूट घालून. समोरच्याला हो किंवा नाही हवं असतं आणि याच्या हातात असते शक्यता. ती ताणून सांगितली की पुढच्या वर्षी त्याचं खरंही कुणी ऐकत नाही. मी तेच बागायतदारांना सांगितलं. पटलं असं दिसलं नाही. मागच्या रांगेतल्या एका तरुणानं विचारलं, मग तिकडचं मोजमाप तरी नीट चालू आहे का. दुपारभरातला हा नेमका प्रश्न. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे उत्तर ध्रुवाभोवतालच्या देशांच्या आर्क्टिक परिषदेचं काम थांबवण्यात आलं, पाश्चात्त्य देशांचं रशियाशी वैज्ञानिक सहकार्य बहुतेक तुटलं, आणि कारा समुद्राचा किनारा रशियाचा. उपग्रह वरून पाहतात, पण किनाऱ्यावरच्या नोंदींची देवाणघेवाण आटली. भारत २०१३ पासून त्या परिषदेत निरीक्षक आहे. मत नाही, पण कार्यगटांत शास्त्रज्ञ बसवता येतो. नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये २००८ पासून आपलं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे. दोन्ही बाजूंशी बोलू शकणारे देश थोडे आहेत, त्यात आपण आहोत. या जागेचा उपयोग आपण पुरता केलेला नाही, असं मला वाटतं.

६.३०

सांगली. पोरं तारखा उतरवून घेतात आणि सनावळीपुढे गेलं की पेन खाली ठेवतात. कोचीच्या अंटार्क्टिक करार बैठकीचं मात्र त्यांना सगळं पाठ: मे २०२४, सेहेचाळिसावी बैठक, त्याआधी भारतात २००७ ची दिल्ली. मी विचारलं, यजमान कोणतं मंत्रालय? बहुतेकांनी परराष्ट्र सांगितलं. यजमानपद पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे होतं, तेही त्या वास्कोच्या केंद्रामार्फत. त्या मंत्रालयाचे तेव्हाचे सचिव एम. रविचंद्रन हे कारा समुद्राच्या निबंधाचे एक लेखक. दुपारच्या शेडमधला कागद आणि कोचीचं सभागृह यांच्यामध्ये एवढंच अंतर.

एका मुलानं विचारलं, २०१९ चा इथला पूर आर्क्टिकमुळे का? आयर्विन पुलापाशी पाणी चढताना पाहिलेली ही पिढी, प्रश्न येणारच. तो पूर ऑगस्टचा, निबंध सप्टेंबरच्या पावसाचा. त्यावरून या पुराबद्दल काही सांगता येत नाही, म्हणालो. तो जरा नाराज झाला.

रात्री ९.४०

आबांचा फोन. बागायतदारांच्या ग्रुपवर टाकायला चार ओळी हव्यात. मी लिहून पाठवल्या. त्यांनी त्यात भर घातली: ‘सरांचा सल्ला, छाटणी दहा दिवस उशिरा घ्यावी.’ मी म्हणालो, आबा, हे मी म्हटलेलं नाही. ते म्हणाले, “तुमी न्हाई म्हटलं, पर माणसं इचारणारच की.” बरीच ओढाताण झाली. शेवटी माझ्या चार ओळी जशाच्या तशा राहिल्या आणि खाली रेघ मारून आबांनी स्वतःच्या नावानं लिहिलं, आमची बाग आम्ही दहा दिवस उशिरा छाटणार आहोत.