वाटीएवढ्या पोटाचा हिशेब

"सकाळ-संध्याकाळ वरण घेतेय, प्रोटीनची काळजी नको." वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या घरी हे वाक्य हमखास कानावर पडतं. म्हणणाऱ्याची त्यावर श्रद्धा असते आणि ऐकणाऱ्यालाही ते पटतं, कारण डाळ म्हणजे प्रथिनं हे आपण शाळेपासून शिकलो आहोत. शिकवलेलं चूक नव्हतं, पण ते आपल्या जुन्या पोटाला लागू होतं.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्यासारखी नळी, तिच्यात 100 ते 150 मिलिलिटर मावतं, म्हणजे आपली आमटीची एक वाटी. जठराच्या बायपास शस्त्रक्रियेत अन्न उतरतं ती पिशवी सुरुवातीला जेमतेम 30 मिलिलिटरची असते, दोन मोठे चमचे. आणि गरज? शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं, आणि उंचीनुसार जे वजन योग्य त्याच्या दर किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. धडधाकट भारतीय माणसासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा आकडा किलोमागे 0.83 ग्रॅम आहे. म्हणजे पोट पाव हिश्शाचं झालं आणि गरज मात्र कमी होण्याऐवजी वाढली. पुढचे सगळे गैरसमज या एका विसंगतीकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

गरज वाढते, कारण शरीर उपासमारीत असतं. पहिल्या काही महिन्यांत दिवसाला आठशे-हजार कॅलरीच पोटात जातात. बाकीचं इंधन शरीर साठ्यातून काढतं, आणि चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. वजनकाट्याला दोन्ही सारखेच दिसतात. काटा 20 किलो उतरला म्हणून पेढे वाटले जातात. पण त्यातले काही किलो मांडीचे आणि दंडाचे स्नायू असतील, तर डोंबिवली स्टेशनचा पूल चढताना पाय लटपटतात. पुरेशी प्रथिनं आणि थोडा वजनाचा व्यायाम मिळून ही झीज बरीच रोखता येते.

एकेकाळी ही शस्त्रक्रिया फक्त श्रीमंतांची वाटायची. 2011 मध्ये नितीन गडकरींनी ती मुंबईत करून घेतली, तेव्हा मराठी घरांत तिच्याविषयी उघड बोलणं सुरू झालं. आता ठाण्या-कल्याणच्या खासगी रुग्णालयांतही ती होते. 2022 मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांच्या संघटनांनी 1991 पासूनचे निकष बदलले आणि आशियाई लोकांना बीएमआय 27.5 पासूनच शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा असं सुचवलं. त्यामुळे ज्यांना हा हिशेब मांडावा लागणार अशी माणसं आपल्या आसपास वाढत जाणार आहेत.

"वरणात सगळं आलं"

कोरड्या तूरडाळीत शंभर ग्रॅममागे 22 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, हे खरं. पण वाटीभर वरणात डाळ पडते वीस-पंचवीस ग्रॅम, बाकी पाणी. वाटीतून मिळतात पाचेक ग्रॅम. नुसत्या वरणावर साठचा आकडा गाठायचा तर बारा वाट्या लागतील, आणि इथे एकेक वाटी उतरायला अर्धा तास लागतो. 'वरणाचं वरचं पाणी' तर आजारी माणसाला प्रेमाने पाजतात. त्यात चव असते, मीठ असतं, प्रथिनं नावापुरती.

म्हणून वाटीभर अन्नात किती प्रथिनं कोंबलेली आहेत, हे पाहायला शिकावं लागतं. अंड्यात 6 ग्रॅम. पनीरमध्ये शंभर ग्रॅममागे 18 ग्रॅमच्या आसपास. सोयाबीनच्या कोरड्या वड्यांमध्ये 50 ग्रॅमच्या वर. ताक पाणीदार, त्याच दह्याचा फडक्यात टांगलेला चक्का, साखर न घालता, कितीतरी दाट. आपल्याकडे श्रीखंडाच्या निमित्ताने चक्का घरोघर ओळखीचा आहे, तो गोड न करता जिरेपूड-मिठात खायची सवय मात्र नाही. ती लावून घेण्यासारखी आहे.

ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यातल्या स्वयंपाकघरांत अशा दाट गोष्टी आधीपासूनच आहेत, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. ठाणे-कल्याणच्या सीकेपी घरांत वालाचं बिरडं आणि सोडे आहेत. चेंदणी कोळीवाड्यात आणि कल्याण-डोंबिवलीभोवतीच्या आगरी गावांत जवळा, सुकट, सुके बोंबील आहेत. सुक्या मासळीच्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात, कारण पाणी उडून गेलेलं असतं. ताज्या बोंबलात उलट पाणीच फार, सुरमईच्या मानाने प्रथिनं साधारण निम्मी. सुकी मासळी खारट असते, तेव्हा रक्तदाबवाल्यांनी ती नीट धुऊन, थोडी, डॉक्टरांना विचारून खावी. डोंबिवलीच्या शाकाहारी घरात घट्ट पिठलं आणि मोड आलेल्या मटकीची उसळ आहे. पदार्थ नवे आणायचे नाहीत, ताटातला त्यांचा क्रम बदलायचा आहे: आधी उसळ, अंडं, मासा किंवा पनीर, मग भाजी, आणि जागा उरलीच तर पोळीचा तुकडा. आपण भाताचा ढीग करून त्यावर वरण ओततो. शस्त्रक्रियेनंतर भाताच्या चार घासांतच पोट भरतं आणि उसळ वाटीत तशीच राहते.

"पावडर म्हणजे औषधी विष, सरकारनेच सांगितलंय"

मे 2024 मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर घेऊ नका असा सल्ला दिला. तो सल्ला निरोगी माणसांना आहे, जी दोन वेळा पोटभर जेवू शकतात. ज्याला घन अन्न अजून सुरूच झालेलं नाही, त्याच्यासाठी तो लिहिलेलाच नाही. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे आधी पातळ, मग दाट द्रव, मग कुस्करलेलं, मग मऊ असं टप्प्याटप्प्याने अन्न चढवतात. त्या काळात 60 ग्रॅम नुसत्या घरगुती पदार्थांतून येणं जवळजवळ अशक्य असतं. एका मापात 20 ते 25 ग्रॅम देणारी व्हे पावडर तेव्हा गरजेची असते. पुढे घन अन्न पुरेसं जाऊ लागलं की आहारतज्ज्ञ ती कमी करतात.

घोटाळा वेगळ्याच डब्यांमुळे होतो. किराणा दुकानातली 'शक्तिवर्धक' माल्टची पेयं बरीचशी पिष्ट आणि साखर असतात. कोलॅजेनची पावडरही प्रथिनांच्या नावाने खपते, पण तिच्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, त्यामुळे स्नायू राखायला एकटी ती पुरत नाही. पायाचं सूपही याच जातीचं. ते गरम गरम प्यायला छान, पण साठच्या हिशेबात धरू नये. डब्याच्या मागे एका मापात प्रथिनं किती आणि साखर किती, एवढ्या दोन ओळी वाचायच्या.

"अंगात ताकद यायला काहीतरी गोडाधोडाचं खा"

सासूबाई साजूक तुपातला शिरा पुढे करतात, आई डिंकाचे लाडू पाठवते. त्यामागची माया खरी आहे, आणि ती मोडून काढणं पेशंटला सगळ्यात जड जातं. पण बायपास झालेल्याच्या पोटातून साखर धडाधड आतड्यात उतरते. धडधड, दरदरून घाम, पोटात कळ, जुलाब असा त्रास होऊ शकतो. स्लीव्हमध्ये हे कमी होतं, पण जागा तर गोडानेच भरली. घरच्यांनी शिऱ्याऐवजी एक मऊ उकडलेलं अंडं किंवा दोन चमचे चक्का हातात दिला, तर तीच माया पोटात लागते.

याच्याच जवळचा गैरसमज म्हणजे "जे सहज जातं तेच पचतं". चहात बुडवलेली खारी, बिस्किटं, शेव, फरसाण विरघळून घसरत खाली जातात. चिकनचा कोरडा तुकडा छातीत अडकल्यासारखा वाटतो, एकदा उलटी झाली की माणूस चिकन कायमचं सोडतो, आणि खारीवर जगू लागतो. दोष चिकनचा नसतो, कोरडेपणाचा आणि घाईचा असतो. रश्शातला खिमा, माशाची आमटी, मऊ भुर्जी बारीक चावून खाल्ली की जाते. उलट्या थांबतच नसतील तर मात्र सर्जनकडे त्याच दिवशी जावं. सततच्या उलट्यांत थायमिन हे जीवनसत्त्व झपाट्याने संपतं आणि नसांना इजा होऊ शकते.

डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जाणारी एखादी शाकाहारी बाई धरू, शस्त्रक्रियेला सहा महिने झालेली. सकाळी 150 मिलिलिटर दुधात एक माप व्हे, घोट घोट घेत: 27 ग्रॅम. ऑफिसात पोहोचल्यावर 50 ग्रॅम पनीर: 9. दुपारच्या डब्यातली अर्धी वाटी घट्ट उसळ आणि थोडं दही: 7. चार वाजता मूठभर फुटाणे, अगदी बारीक चावून: 6. घरी आल्यावर छोटी वाटी चक्का: 8. रात्री 20 ग्रॅम सोयावड्यांची भाजी: 10. झाले 67. यात दोन वेळचं 'जेवण' असं नाहीच, सहा वेळचं थोडंथोडं आहे. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला "एकदाच काय ते नीट जेव" म्हणणं म्हणूनच चुकीचं.

"एवढ्या प्रोटीनने किडनी जाईल"

साठ-सत्तर ग्रॅम म्हणजे काही अतिरेक नव्हे. ज्यांची मूत्रपिंडं निरोगी आहेत त्यांना त्याने इजा होत नाही. ज्यांचा मधुमेह जुना आहे किंवा क्रिएटिनिन वाढलेलं आहे, त्यांचा आकडा मूत्रपिंडतज्ज्ञाने ठरवावा. बायपासनंतर मूतखड्याचा धोका वाढतो, आणि तिथे मोठा शत्रू पाणी कमी पिणं हा असतो. दिवसाला किमान दीड लिटर द्रव जायला हवं, जेवणाबरोबर नाही, अर्धा तास सोडून, घोट घोट. लोकलने येणाऱ्या-जाणाऱ्या कितीतरी बायका स्टेशनवर स्वच्छतागृह धड नसतं म्हणून मुद्दाम पाणी पीत नाहीत. इथे प्रश्न सल्ल्याचा उरत नाही, सोयीचा होतो, आणि मला त्याची चीड येते.

केसांचं थोडक्यात सांगते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस पुंजक्यांनी गळतात आणि सगळे म्हणतात प्रोटीन कमी पडलं. वेगाने उतरलेलं वजन हेच बहुधा कारण असतं, मुळं जिवंत असतात आणि केस परत येतात. प्रथिनं, लोह, जस्त कमी असेल तर गळती लांबते, म्हणून तपासणी करावी. बायोटिनच्या गोळ्यांवर पैसे घालवू नयेत.

उपासाचं काय?

श्रावण आला की हा प्रश्न येतोच. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास शून्य, शंभर ग्रॅममागे एक ग्रॅमही नाही, आणि वाटीभर खिचडीत वाटीभर पोट संपतं. ज्यांना उपास सोडवत नाही त्यांनी दूध, चक्का, पनीर आणि राजगिरा यांवर करावा, बेताने शेंगदाणे घ्यावेत. तीस ग्रॅम दाण्यांत 7 ग्रॅम प्रथिनं असतात, पण कॅलरी दीडशेच्या वर. निर्जळी उपास पहिलं वर्षभर तरी नकोच.

"वजन उतरलं, आता काळजी संपली" हा शेवटचा आणि सगळ्यात महागात पडणारा समज. पोट आयुष्यभर लहानच राहणार, म्हणून ब-12, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांच्या गोळ्या आणि दरवर्षीची रक्ततपासणीही आयुष्यभराची. रिपोर्टात अल्ब्युमिन ठीक आलं म्हणून प्रथिनं पुरेशी असतील असं नाही, ते उशिरा घसरतं. पायांवर सूज, जिना चढताना दम, उठताना हाताचा आधार लागणं या लक्षणांकडे बायपासवाल्यांनी विशेष लक्ष द्यावं. ज्यांच्या शस्त्रक्रियेत लहान आतड्याचा मोठा भाग वळवलेला असतो, त्यांना 60 ग्रॅम खाऊनही कमी पडू शकतं. किती सेंटिमीटर वळवलं हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं आहे का ते पाहावं, नसेल तर सर्जनकडून लिहून घ्यावं, आणि पुढे डॉक्टर बदलले तर ते कार्ड सगळ्यात आधी दाखवावं.