विजेच्या सायकलीवरून बार्सिलोनाची घरं

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’, असं आपल्याकडे म्हणतात. गवंडी, सुतार आणि आर्किटेक्ट या त्रिकुटाशी ज्या भगिनींनी कधी वाद घातला असेल, त्यांना या म्हणीतलं मर्म निराळं सांगायला नको. स्पेन देशातल्या बार्सिलोना शहरात असं एक घर आहे, की जे बघायला जगभरातून माणसं रांगा लावतात. पण ज्या बाईच्या पैशावर ते उभं राहिलं, तिला मात्र त्यातली सजावट कधी पसंत पडली नाही! या बाईची हकीकत मी पुढे सांगणारच आहे. आधी तिच्या दारापर्यंत पोहोचायचं कसं, ते पाहू.

बार्सिलोनाच्या नामांकित इमारती एका ठिकाणी नाहीत. काही सपाटीवर, तर काही चांगल्या टेकडीवर. चालत जावं तर गुडघे बोलायला लागतात आणि बसमधून जावं तर खिडकीतून नुसता तळमजला दिसतो. म्हणून तिथे एक छान सोय आहे. सातआठ जणांचा गट, पुढे एक माहीतगार वाटाड्या आणि प्रत्येकाला विजेवर चालणारी सायकल. तीनचार तासांत शहराचा मोठा फेरफटका होतो. माझ्या थोरल्या जाऊबाईंची लेक शिक्षणासाठी तिकडे असते, त्यामुळे आम्हा दोघी जावांना हा योग आला.

ही सायकल म्हणजे स्कूटर नव्हे बरं का! नुसतं बसून ती चालत नाही. आपण पायडल मारलं तरच मोटर मदतीला येते. युरोपातल्या नियमाप्रमाणे ही मोटर २५० वॅटची, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या ५०० वॅटच्या मिक्सरच्या निम्मी. ताशी २५ किलोमीटरचा वेग गाठला की तिची मदत आपोआप बंद. किती मदत हवी ते पंख्याच्या रेग्युलेटरसारखं हँडलवरच्या बटणाने कमीजास्त करायचं. आमच्या ताईंचं वय बासष्ट. कॉलेजात असताना रोज सायकल चालवत, लग्नानंतर सुटली ती सुटलीच. पहिल्या गल्लीत त्या दोनदा डगमगल्या. तिसऱ्या वळणावर मागे वळून म्हणाल्या, “अगं, पाठीवर हात ठेवून कुणीतरी ढकलतंय असं वाटतंय!”

कापलेले कोपरे

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी हे शहर तटबंदीच्या आत कोंडलं होतं. गल्ल्या अरुंद, घरं एकमेकांना चिकटलेली, उजेड नाही, वारा नाही. कॉलऱ्याच्या साथी पुन्हापुन्हा येत. अखेर १८५४ मध्ये तट पाडायला सुरुवात झाली आणि बाहेरच्या मोकळ्या जमिनीवर नवं शहर वसवायचं ठरलं. इल्देफोन्स सेर्दा नावाच्या इंजिनियरने त्याचा आराखडा केला आणि तो १८५९ मध्ये मंजूर झाला. या गृहस्थांनी कामगारांच्या घरांची पाहणी करून, माणशी हवा किती लागते याचाही हिशेब मांडला होता.

त्यांनी आखलेले चौक सुमारे ११३ मीटर लांबीरुंदीचे आहेत आणि बहुतेक रस्ते २० मीटर रुंद. प्रत्येक चौकाचे चारही कोपरे बर्फीचा कोपरा सुरीने उडवावा तसे तिरपे कापलेले. त्यामुळे जिथे दोन रस्ते मिळतात तिथे ऐसपैस जागा होते. सायकलवरून जाताना याचा गुण लगेच कळतो. वळणावर समोरचं वाहन लांबूनच दिसतं.

सेर्दांच्या मनात प्रत्येक चौकाच्या पोटात बाग होती. पण जागेचे भाव वाढले आणि मालकांनी बागेच्या जागी बांधकामं काढली. “आपल्याकडे बाजूच्या मोकळ्या जागेत हळूच एक खोली काढतात, तसंच की!” ताई म्हणाल्या. वाटाड्या मुलीला लेकीने हे समजावून सांगितल्यावर ती खो खो हसली.

शेजाऱ्यांची चढाओढ

या नव्या वस्तीतल्या ‘पासेज दे ग्रासिया’ या हमरस्त्यावर श्रीमंतांनी घरं बांधली. काळ साधारण १८८८ ते १९११. या शैलीला तिथे ‘मोदेर्निस्मे’ म्हणतात. नावावरून सिमेंटच्या चौकोनी पेट्या डोळ्यांपुढे आणू नका. इथे वेली, फुलं, रंगीत काचा, घडीव लोखंड आणि चिनीमातीच्या टाइल्स यांची नुसती रेलचेल आहे.

एकाच ओळीत तीन घरं, तीन निरनिराळ्या वास्तुकारांची. पहिलं ‘कासा येओ मोरेरा’, दोमेनेक इ मुंतानेर यांचं. हे घर नव्या थाटात करायचं ठरवलं ते फ्रान्सेस्का मोरेरा या बाईंनी. काम चालू असतानाच १९०४ मध्ये त्या गेल्या आणि मुलाने ते पुरं केलं. वर मान करून पाहिलं तर सज्जाशी दगडात कोरलेल्या स्त्रिया दिसतात आणि त्यांच्या हाती काय असावं? फोनोग्राफ, टेलिफोन, कॅमेरा आणि विजेचा दिवा! त्या काळची ही अगदी नवी नवलाई. विजेच्या सायकलीवर बसून त्यांच्याकडे पाहताना मला मोठी मौज वाटली.

दुसरं ‘कासा आमात्येर’, चॉकलेटच्या कारखानदाराचं; पुच इ कादाफाल्क यांनी ते १९०० मध्ये पुरं केलं. त्याला खेटून तिसरं ‘कासा बात्यो’. एका कापडगिरणीवाल्याचं जुनं घर आंतोनी गौदी यांनी १९०४ ते १९०६ मध्ये पार बदलून टाकलं.

सायकलवाले ही घरं बाहेरूनच दाखवतात. आत जायचं तर तिकीट वेगळं, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. कासा बात्योत मला सर्वांत आवडला तो मधला उजेडाचा चौक. वरून ऊन येतं तिथे भिंतीच्या टाइल्स गडद निळ्या आणि खाली येता येता त्या फिकट होत जातात. खिडक्या वर लहान आणि खाली मोठ्या. कारण काय, तर उजेड सगळ्या मजल्यांवर सारखा पोहोचावा. शिवाय दारं-खिडक्या बंद ठेवूनही वारा खेळावा म्हणून लाकडी झडपा आहेत. तळमजल्यावर ज्यांनी भर दुपारी दिवा लावून तांदूळ निवडलेत, त्यांना या करामतीची किंमत कळेल.

रोसारिओबाईंचं घर

त्याच रस्त्याने वर गेलं की कोपऱ्यावर समुद्राच्या लाटेसारखी दगडी इमारत येते. हेच ते सुरुवातीला सांगितलेलं घर, ‘कासा मिला’. रोसारिओ सेजिमोन ही एक धनवान विधवा. तिच्या पहिल्या यजमानांनी ग्वातेमालात कॉफीच्या मळ्यांवर पैसा मिळवला होता. पेरे मिला यांच्याशी तिचं दुसरं लग्न झालं आणि या नवदांपत्याने गौदींना घर बांधायला सांगितलं. १९०६ ते १९१२ पर्यंत काम चाललं. गावाने त्या ओबडधोबड दगडाला पाहून नाव ठेवलं, ‘ला पेद्रेरा’, म्हणजे दगडाची खाण. ते अजून चिकटलेलं आहे.

पुढे मानधनावरून गौदी आणि मिला यांचं बिनसलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. निकाल गौदींच्या बाजूने लागला आणि पैसे देण्यासाठी बाईंना घर गहाण ठेवावं लागलं. १९२६ मध्ये गौदी वारले. त्यानंतर रोसारिओबाईंनी आपल्या मजल्यावरची त्यांची सजावट काढली आणि फ्रान्सच्या सोळाव्या लुईच्या थाटाची आवडीची सजावट करून घेतली! १९४६ मध्ये इमारत विकली, पण १९६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच राहिल्या.

आता कुणी म्हणेल, एवढ्या थोर कलावंताची कदर नाही. १९८४ पासून ही इमारत युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण खरं सांगू? वाकड्यातिकड्या भिंतींच्या त्या खोल्यांतून फिरताना ताईंनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, “इथे कपाट टेकवायचं कुठे?” रोज राहणाऱ्या बाईचा हा प्रश्न साधा असेल, पण चुकीचा नाही.

आणि न्यायाचं बोलायचं तर गौदींनी घरकामाचाही विचार केला होता. घराचा भार खांबांवर घेतल्यामुळे आतल्या भिंती हव्या तशा हलवता येतात. गच्चीखालच्या माळ्यावर विटांच्या २७० कमानी आहेत. या देखण्या माळ्यावर काय होतं ठाऊक आहे? भाडेकरूंची कपडे धुण्या-वाळवण्याची जागा! १९५३ मध्ये तिथे छोटे ब्लॉक काढले. आता ते गेले आणि पुन्हा कमानी दिसतात.

फुटक्या कपबश्यांचा बाक

यानंतर चढ लागतो तो पार्क ग्वेलचा. इथे मात्र बटण थेट वरच्या टोकाला! सायकली फाटकाशी ठेवून पायी आत जावं लागतं. मुळात ही बाग नव्हेच. एवसेबी ग्वेल या उद्योगपतीने १९०० मध्ये श्रीमंतांसाठी साठ प्लॉटांची वसाहत काढली. पण प्लॉट काही खपेनात. घरं झाली जेमतेम दोन. त्यातल्या एकात स्वतः गौदी, त्यांचे वडील आणि भाची राहायला आले. गौदींनी लग्न केलं नाही. १९१४ मध्ये काम थांबलं आणि १९२६ मध्ये नगरपालिकेने ती जागा सर्वांसाठी बाग म्हणून खुली केली.

इथला नागमोडी बाक जगप्रसिद्ध आहे. टाइल्सचे आणि चिनीमातीच्या भांड्यांचे तुकडे बसवून तो सजवला गौदींचे सहकारी जुजोल यांनी. या कामाला ‘त्रेंकादिस’ म्हणतात. आपल्या गच्च्यांवर चायना मोझॅक घालतात ना, त्याचंच हे नटलेलं भावंड. वक्र भागावर अख्खी टाइल बसत नाही, तुकडे नेमके बसतात. या बाकाच्या मैदानावर पडलेलं पावसाचं पाणी वाळू-खड्यांतून गाळून, खालच्या खांबांच्या पोकळीतून टाकीत साठवलेलं आहे. दिसायला शोभा आणि आतून पाण्याची सोय!

देवाचं घर आणि माणसांची घरं

उतारावरून खाली आलं की सान पाऊचं जुनं रुग्णालय लागतं, दोमेनेक इ मुंतानेर यांनी १९०२ मध्ये सुरू केलेलं. बागेत सुटे सुटे वॉर्ड आणि ऊनवारा मिळावा म्हणून सगळी मांडणी शहराच्या रस्त्यांना तिरपी. भिंतींना धुता येतील अशा टाइल्स. आजाऱ्याने छताकडे पाहत पडायचं, तर ते छत तरी सुंदर असावं! २००९ पर्यंत तिथे रुग्ण होते.

शेवटचा मुक्काम ‘साग्रादा फामिलिया’, म्हणजे पवित्र कुटुंबाचं चर्च. १८८२ मध्ये पायाभरणी, १८८३ पासून गौदींच्या हाती. पुढे त्यांनी सगळं सोडून यालाच वाहून घेतलं. जून १९२६ मध्ये ट्रामचा धक्का लागून ते पडले, तेव्हा साध्या कपड्यांमुळे लोकांना ते भिकारी वाटले. त्यांची समाधी याच चर्चच्या तळघरात आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच्या मधल्या मनोऱ्याने जर्मनीतल्या उल्मच्या चर्चला मागे टाकलं आणि हे जगातलं सर्वांत उंच चर्च ठरलं. गंमत म्हणजे बांधकामाचा रीतसर परवाना मिळाला २०१९ मध्ये, सुरुवातीनंतर १३७ वर्षांनी!

पण गंमत इथे संपते. चर्चच्या मुख्य दारापुढे भव्य जिना करायची योजना आहे. तो झाला तर समोरच्या राहत्या इमारती पाडाव्या लागतील. तिथले रहिवासी अनेक वर्षं याला विरोध करत आले आहेत. शिवाय आमच्यासारख्या पाहुण्यांची गर्दी! घरमालक ब्लॉक पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने देतात, मग गावच्या संसारांना जागा कुठून मिळणार? म्हणून २०२४ मध्ये तिथल्या महापौरांनी जाहीर केलं, की नोव्हेंबर २०२८ पर्यंत अशा दहा हजारांवर ब्लॉकांचे परवाने संपवायचे. त्याच वर्षी, पार्क ग्वेलकडे जाणारी छोटी बस पर्यटकांना सापडू नये म्हणून मोबाइलच्या नकाशांवरून काढायला लावली. म्हाताऱ्यांना भाजीची पिशवी घेऊन बसायला जागा मिळेना, हे कारण!

चर्चसमोर सायकली लावून आम्ही उभ्या होतो. सगळे मनोऱ्याचे फोटो काढत होते. ताई मात्र मागच्या इमारतीकडे पाहत होत्या. तिसऱ्या मजल्यावर दोरीवर पोरांचे मोजे वाळत होते. “हे कुठे जायचे गं?” त्यांनी विचारलं. उत्तर ना माझ्याकडे होतं, ना वाटाड्या मुलीकडे.

जाणार असाल तर

- तिकडे वाहनं उजव्या बाजूने चालतात. पहिली दहा मिनिटं वाटाड्याच्या मागोमागच राहा.
- साडी नको. सलवार-कमीज असेल तर ओढणी घरी ठेवा आणि पायघोळ घोट्याशी बांधा. चाकात कापड अडकणं वाईट.
- सायकल वीसेक किलोची असते. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली करून घ्या आणि मोकळ्या जागी दोन फेऱ्या मारून पाहा.
- हेल्मेट मागून घ्या. पाण्याची बाटली, टोपी आणि थोडा सुका खाऊ जवळ असू द्या.
- कासा बात्यो, कासा मिला, पार्क ग्वेल, साग्रादा फामिलिया या सर्वांची तिकिटं आधी काढावीत. ऐन वेळी मिळतीलच असं नाही.
- गल्लीत आवाज हळू ठेवा. वर कुणाचं तरी बाळ नुकतंच निजलेलं असतं.