कपाट खोल, हात आखूड

घराची डागडुजी : भाग ९

सिंकखालची गळती शोधताना मागच्या आठवड्यात आपण ओट्याखालचं कपाट पूर्ण रिकामं केलं. 'सामान लगेच परत भरू नका, आठवडाभर थांबा,' असं तेव्हा शेवटी लिहिलं होतं. त्याचं कारण आज सांगतो.

माझी आत्या चिंचपोकळीला राहते. चाळ पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत, नवव्या मजल्यावर. जुन्या खोलीत तिच्याकडे भिंतीला ठोकलेली स्टीलची मांडणी होती आणि एक फडताळ. डबे एका रांगेत, उतरत्या मापाने लावलेले. दिवे गेले तरी तिचा हात बरोबर हळदीच्या डब्यावर जायचा. नव्या घरात ग्रॅनाइटचा ओटा आहे, खाली कडाप्प्याचे कप्पे, त्यांना सनमायकाची दारं, वर भिंतीवर कपाटं. सामान ठेवायची जागा पूर्वीच्या दुपटीहून जास्त. तरी आत्याचं म्हणणं एकच, "या कपाटात गेलेली वस्तू पुढच्या गणपतीलाच भेटते!"

ते अक्षरशः खरं निघालं. मोदकपात्र शोधायला ती गुडघे धरत खाली बसली, तेव्हा मागून पोह्यांची तीन पाकिटं निघाली. तिन्हींना अळ्या. घरात पोहे आहेत हे कुणाला दिसतच नव्हतं, म्हणून दर महिन्याला नवे येत होते.

दोष आत्याच्या आठवणीचा नाही, कपाटाच्या खोलीचा आहे. मांडणीची फळी एका डब्याच्या रुंदीची असते. ओटा दोन फूट खोल असतो, म्हणजे एकामागे एक तीन डबे. मागचा काढायचा तर पुढचे दोन आधी बाहेर आले पाहिजेत, तेही उकिडवं बसून. साहजिकच पुढची वीतभर जागा रोज वापरली जाते आणि मागची अडगळ होते. लहान घरात आपण जागा कमी म्हणून कुरकुरतो. बहुतेक वेळा जागा असते, हात पोचत नाही.

हा विचार जुनाच आहे. चिंचपोकळी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, ना. म. जोशी मार्गावर बीडीडी चाळी आहेत. १९२० साली मुंबई विकास खातं स्थापन झालं आणि त्याने या चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. स्वयंपाक, झोप, अभ्यास, पाहुणे, सगळं तिच्यातच. साधारण त्याच काळात, १९२६ मध्ये, मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. माप १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे सत्तर चौरस फुटांच्या आसपास. त्यात भिंतीला ॲल्युमिनियमचे छोटे खण होते, प्रत्येकावर तांदूळ, साखर अशी नावं. खण ओढला की जिन्नस समोर. आजच्या ओट्याखालच्या ट्रॉलीमागे हाच विचार आहे : माणसाने कपाटात शिरायचं नाही, कपाटाने बाहेर यायचं.

गिरणी कामगारांसाठी म्हाडाने बांधलेल्या घरांचं चटईक्षेत्र २२५ चौरस फूट आहे. इतक्या घरात स्वयंपाकघर तोडून नवं करणं म्हणजे पंधरा दिवस संसार जिन्यात मांडणं. त्यापेक्षा आहे त्याच कपाटात ट्रॉल्या बसवाव्यात. आत्याकडे सुताराने हे काम दोन दिवसांत केलं. त्याचा क्रम असा.

आधी वाटणी. कपाटातलं सगळं जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मांडा आणि तीन ढीग करा : रोजचं, आठवड्याचं, वर्षाचं. आपल्याकडे तिसरा ढीग मोठा निघतो. मोदकपात्र, पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या, पंचवीस माणसांचं पातेलं. त्याने कमरेच्या उंचीची जागा अडवता कामा नये. लालबागच्या बाजारातून मिरच्या आणून उन्हाळ्यात केलेला वर्षाचा मसाला मात्र दोन भागांत ठेवा. मोठी बरणी तळाला, रोजच्यापुरती छोटी हाताशी.

मग माप. इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. कडाप्पे गवंड्याने उभे केलेले असतात, ते तंतोतंत समांतर नसतात. त्यातून दाराची चौकट पुढे थोडी जागा खाते. आत्याच्या एका कप्प्याची रुंदी पुढे चौकटीपाशी पावणेएकवीस इंच भरली, मध्ये सव्वाएकवीस आणि मागे एकवीस. धरायचं सर्वांत लहान माप. त्यातून एक इंच वजा करा, कारण टेलिस्कोपिक चॅनल, म्हणजे ट्रॉली ज्यावर सरकते तो रूळ, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच घेतं. उरले पावणेवीस. तयार ट्रॉल्या १५, १७, १९, २१ इंच अशा ठरावीक रुंदीत मिळतात. म्हणून १९ ची घेतली. उरलेली फट दोन्ही बाजूंना प्लायच्या पट्ट्या लावून भरली आणि चॅनल त्या पट्ट्यांवर बसवलं. पट्टीचा आणखी एक उपयोग आहे. ट्रॉली बिजागरीपासून आत सरकते आणि दार पूर्ण उघडलं की त्याला न घासता बाहेर येते.

पट्टी कडाप्प्याला बसवताना ड्रिल हॅमरवर लावू देऊ नका. दगडाचा कपचा उडतो, कधी अख्खा कडाप्पा तडकतो. आधी बारीक भोक, मग मोठं, आणि सावकाश. कपाट पार्टिकल बोर्डाचं असेल तर जुन्या भोकात नवा स्क्रू धरत नाही. नवं भोक बाजूला मारा, नाहीतर आतून प्लायचा तुकडा लावून त्यात स्क्रू पिळा. सिंकखालचा बोर्ड फुगला असेल तर त्यावर खर्च करू नका. तेवढा भाग पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा करा. अशा मरीन प्लायवर भारतीय मानकाचा आयएस ७१० हा आकडा छापलेला असतो.

उंची मोजताना कुकर शिटीसकट मोजा. हा विनोद नाही. ट्रॉली बसवल्यावर वरच्या ट्रॉलीला शिटी अडते, हे सुतार गेल्यावरच कळतं. तळाला खोल ट्रॉली, तिच्यात कुकर, कढई, तांदळाचा डबा. मध्ये ताटं, सर्वांत वर चमचे आणि झारे. चॅनल पूर्ण बाहेर येणारं घ्या. अर्धंच बाहेर येणारं घेतलं तर मागची वीत पुन्हा अंधारात राहते. साधारण ३५ ते ४५ किलो भार सोसणारी चॅनल मिळतात. आकडा पाकिटावर असतो, तो वाचा आणि तांदळाच्या डब्याचं वजन आठवा.

स्टीलची पारख दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात. तिच्यावर भिस्त ठेवू नका. २०२ आणि ३०४ या दोन्ही जातींच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही. मुंबईच्या दमट हवेत २०२ लवकर गंजतं, ३०४ टिकतं. म्हणून जात बिलावर लिहून घ्या. छोट्या वाट्यांसाठी तारेऐवजी भोकं पाडलेल्या पत्र्याची ट्रॉली बरी. तारांच्या मधून वाटी तिरकी होऊन पडते.

गॅसच्या कप्प्यात मात्र हौस नको. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. त्यामुळे त्या कप्प्याला खाली झरोका हवाच. पाइपने येणारा गॅस हवेहून हलका, तिथे झरोका वर हवा. पाइप, कॉक, मीटर यांना सुताराने हात लावायचा नाही. ते सरकवायचं असेल तर गॅस कंपनीच्या माणसालाच बोलवा. आणि ट्रॉलीची मागची बाजू गॅसच्या नळीला टेकत नाही ना, हे स्वतः वाकून पाहा.

वरच्या कपाटांचं काम सोपं आहे. तिथे अडचण खोलीची नसते, दोन फळ्यांमधल्या रिकाम्या हवेची असते. प्लायच्या उरलेल्या तुकड्यांची छोटी पायरी करून मागे ठेवा. मागची रांग उंच होते आणि मागचे डबेही दिसतात. आत्याने एक पाऊल पुढे टाकलं. तिने रोजच्या डब्यांच्या कपाटाची दारं काढूनच टाकली. सुतार बिचकला, "काकी, शो जाईल." आत्या म्हणाली, "शो नको रे बाबा, मला हळद दिसू दे." धूळ बसते, पण रोज हाताळलेल्या डब्यावर ती साचत नाही. चाळीतली मांडणी अशी सनमायकाच्या चौकटीत परत आली.

राहिला ओट्याचा कोपरा. त्यासाठी फिरणारे, उलगडणारे महागडे सांगाडे मिळतात. लहान घरात मी ते घ्यायला सांगणार नाही. कोपऱ्यात वर्षाचा ढीग ठेवा आणि दाराच्या आतल्या बाजूला त्याची यादी चिकटवा. मोदकपात्राला वर्षातून एकदा वाकायला हरकत नाही.

सगळ्या ट्रॉल्या एकदम करू नका. ज्या कप्प्यासाठी दिवसातून सर्वांत जास्त वेळा वाकता, तो आधी करा. महिनाभर वापरा, मग पुढचा ठरवा. आत्याने दोनच कप्पे केले आणि तिसऱ्याचे पैसे वाचले, कारण त्याची गरजच उरली नाही.

पुढच्या भागात पोटमाळा. तोवर ओट्याखालच्या प्रत्येक कप्प्याची रुंदी पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन ठिकाणी मोजून लिहून ठेवा. ट्रॉलीच्या दुकानात तो कागद घेऊन जा, अंदाज घेऊन जाऊ नका.