उंच नाक आणि बारीक फट

वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील जूचंद्र हे गाव टेकडीवरच्या चंडिकादेवीमुळे आणि तेथील रांगोळी-कलावंतांमुळे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्याच्या भोवतालच्या भूमीचा खरा स्वभाव मात्र एखाद्या मुसळधार आषाढातच कळतो. एका अंगाला खाडी व तिच्या काठची मिठागरे, दुसऱ्या अंगाला डोंगर. डोंगरावरून उतरलेल्या पाण्याची आणि चढत्या भरतीची गाठ पडली म्हणजे रस्ता कोठे संपला व शेत कोठे सुरू झाले, हे तलाठ्याच्या दप्तरावाचून सांगता येऊ नये अशी अवस्था होते. २०१८ च्या जुलैत वसई तालुक्यातील मिठागरांच्या वस्तीला पाण्याने वेढा घातला होता आणि नालासोपाऱ्याचे रूळ बुडाल्याने आगगाड्या खोळंबल्या होत्या. अशा मुलखात ज्याच्या दारी जुनी जीप उभी आहे, त्याच्या मनात गाडीला एक उंच नाक बसवावे असा विचार आला, तर त्यात नवल नाही.

या नाकाला, म्हणजे इंजिनासाठी पाण्याच्या वरून हवा आणणाऱ्या नळीला, ‘स्नॉर्केल’ म्हणतात. घोरण्याशी नाते सांगणारा हा जर्मन शब्द आला आहे पाणबुड्यांतून. युक्ती मात्र मूळची डच आरमाराची, आणि यान याकोब विखर्स या अधिकाऱ्याच्या नावाशी ती जोडली जाते. १९४० साली हॉलंड पडल्यावर ती जर्मनांच्या हाती गेली व १९४३-४४ च्या सुमारास त्यांच्या पाणबुड्यांवर दिसू लागली. लाट आली की नळीच्या तोंडावरील झडप मिटे, डिझेल इंजिने पाणबुडीच्या आतलीच हवा ओढू लागत, आणि खलाशांचे कान ठणकत. इंजिनाला हवेची हाव किती असते, याचा याहून बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही.

ती हाव अंकांत मांडली तरी चकित करणारी आहे. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. अडीच लिटर क्षमतेचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर त्या एका मिनिटात ते अडीच हजार लिटर हवा पिते. ही हवा तीन इंची नळीतून सेकंदाला नऊ-दहा मीटर वेगाने धावते. पण दुकानात स्वस्त मिळाली म्हणून दोन इंची नळी बसवली, तर तोच वेग एकवीस मीटरांवर जातो आणि नळीतील अडथळा जवळजवळ साडेसातपट वाढतो. मग इंजिन दमेकऱ्यासारखे धापा टाकू लागते, काळा धूर ओकते, आणि मालक बिचारा इंधनाला दोष देत राहतो.

समजा, जूचंद्रच्या एखाद्या गॅरेजात हे काम निघाले आहे. सामान नळकामाचेच: पीव्हीसीचा पाइप, दोन एल्बो, रबरी होज, स्क्रूने आवळायचे क्लिप, सिलिकॉनची ट्यूब. बॉनेटच्या बाजूला भोक पाडून पाइप पुढच्या काचेच्या खांबालगत छपरापर्यंत चढवला की बाहेरून काम पुरे झालेले दिसते. पण इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेले असते. ते सुरू होताना आणि बंद होताना अंग झटकते, आणि पाइप तर गाडीच्या पत्र्याला घट्ट बांधलेला. दोहोंच्या मध्ये लवचिक रबरी भाता नसेल, तर काही महिन्यांत एल्बोच्या कडेला केसासारखी चीर पडते. शिवाय पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि तापलेल्या इंजिनाशेजारी तेवढी उष्णता दुर्मीळ नाही. हवेच्या गाळणीच्या डबीच्या तळाशी साचलेले पाणी निघून जावे म्हणून कारखान्याने ठेवलेले भोक तर पुष्कळदा कोणाच्या ध्यानातच येत नाही.

पाइपाचे तोंड छपरावर असले, तरी इंजिनाच्या दृष्टीने त्याच्या नाकाची उंची ही त्या नळीमार्गातील सर्वांत खालच्या फटीइतकीच असते. फट चाकाच्या उंचीवर असेल, तर नाकही तेथेच. आणि ती फट पाण्यात गेली की पुढचा प्रकार क्षणार्धाचा असतो. २.२ लिटरच्या चार सिलिंडरी डिझेल इंजिनात, दाबाचे प्रमाण सोळास एक धरले, तर दट्ट्या वर पोचल्यावर प्रत्येक सिलिंडरमध्ये उरणारी जागा अवघी सदतीस घनसेंटीमीटर, म्हणजे अडीच मोठे चमचे. हवा दबते, पाणी दबत नाही. त्याहून अधिक पाणी आत शिरले की वर येणारा दट्ट्या भिंतीवर आदळल्यासारखा थबकतो, आणि त्याला ढकलणारा पोलादी कनेक्टिंग रॉड वाकतो.

परीक्षा सोपी आहे. इंजिन मंद चालू ठेवून छपरावरील तोंडावर सपाट फळी घट्ट दाबून धरावी. काही सेकंदांत इंजिन गुदमरून बंद पडले, तर मार्ग हवाबंद. चालत राहिले, तर ते कोठून तरी चोरून श्वास घेत आहे.

पाण्याचे दिवस चार, धुळीचे आठ महिने. म्हणून गाळणीचा विचार वास्तविक आधी व्हायला हवा. जूचंद्रकरांना भुकटीचा स्वभाव शिकवण्याची आवश्यकता नाही. चिमटीतून रेघ सोडताना कण किती बारीक असावा, हे त्यांची बोटेच जाणतात. मात्र रांगोळीचा शिरगोळा मऊ असतो, आणि वाळूतील गारगोटीचा कण लोखंडाहून कठीण. पाच ते वीस मायक्रॉनांचे, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी लहान असलेले हे कण, तेलाच्या पातळ थरातून सिलिंडरच्या भिंतीला कानशीसारखे घासत राहतात. नळीच्या तोंडाला लावलेली जाळी पाखरे आणि पाने अडवील. धूळ अडवणार नाही. जुन्या जीपमधील तेलाची गाळणी यावर नामी तोड होती: हवा खाली येऊन तेलाच्या पृष्ठावर एकदम वळे, आणि जड कणांना ते वळण न साधल्याने ते तेलात पडून राहत. ट्रॅक्टरच्या उंच नळीवरील वाटी आतल्या पात्यांनी हवेला भोवरा देऊन हेच काम करते. मला विचाराल तर घरगुती नाकाच्या टोकाला अशी ट्रॅक्टरची वाटी आणि आत कारखान्याचीच घड्यांची कागदी गाळणी, एवढे पुरे. तेलात बुडवलेल्या स्पंजचे स्वदेशी प्रयोग करू नयेत. गाळणी आणि इंजिन यांच्यामधील फटीतून तर उन्हाळ्यातही न गाळलेली धूळ सरळ सिलिंडरात जाते.

पुन्हा पाण्याकडे वळू. नाशिकला बनणाऱ्या ‘थार’ गाडीची पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपनीने ६५० मिलिमीटर सांगितली आहे. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सने २०२१ मध्ये आणलेल्या ‘गुरखा’ला स्नॉर्केल कारखान्यातच बसवलेले आहे, आणि तिची मर्यादा ७०० मिलिमीटर. नाक छपराशी, पण कबुली मांडीइतक्या पाण्याची! कारण उघड आहे. नाकाखेरीज गाडीला ॲक्सलची, गिअरबॉक्सची अशी आणखीही श्वासछिद्रे असतात. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात बुडाला की आकुंचन पावलेली आतली हवा पाणी ओढून घेते, आणि तेल दुधाच्या चहासारखे होते. त्यातच साडेचार चौरस मीटरांचा तळ पाण्याला टेकल्यावर पुढच्या प्रत्येक दहा सेंटीमीटर पाण्याने, ते आत शिरेपर्यंत, गाडी साडेचारशे किलोंनी हलकी होते. चाकांची जमिनीवरची पकड सुटते, आणि उत्तम श्वास घेणारे इंजिन पाण्याच्या ओढीबरोबर निघून जाते.

सरकारी बाजूही ध्यानात असावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणी-दाखल्यातील तपशिलांशी विसंगत फेरफारास मनाई करते. तेव्हा भोक पाडण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. विम्याच्या साध्या कराराखाली पाणी शिरून मोडलेल्या इंजिनाचा दावा बहुधा नामंजूर होतो, त्यासाठी निराळे संरक्षण घ्यावे लागते.

आणि एवढ्याउपरही गाडी पाण्यात बंद पडलीच, तर किल्लीला हात लावू नका. रॉड पुष्कळदा पहिल्या पाण्याने वाकत नाही, दुसऱ्या स्टार्टने वाकतो. ढकलून किंवा ओढून गाडी कोरड्यावर आणा, मिस्त्रीकडून इंजेक्टर किंवा प्लग काढवून सिलिंडरातील पाणी बाहेर पडू द्या, आणि मगच किल्ली फिरवा.